पिंजऱ्याशेजारचा माणूस : प्राणिसंग्रहालय आपल्याला काय शिकवतं?



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "काय हो, आयुष्यभर शंकराचार्य आणि कांट शिकवलेत, आता थेट प्राणिसंग्रहालयात?" मी म्हटलं, "बघायलाच जातोय. ठेवून घेतलं तर कळवतो."

गमतीचा भाग सोडा. या विषयाकडे मला एका लहान मुलाच्या प्रश्नाने ढकललं. काही वर्षांपूर्वी नातवाला घेऊन मी एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. कुठलं ते सांगत नाही. का ते पुढे कळेल. बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी एका शाळेची सहल उभी होती. साठ-सत्तर मुलं, दोन शिक्षक, त्यातल्या एकाच्या तोंडात शिट्टी. मुलांसमोर तिथली एक तरुण मुलगी बोलत होती. गळ्यात ओळखपत्र, कमरेला लहानसा स्पीकर. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके कसे असतात, तो शिकार झाडावर का नेतो, हे ती छान समजावून सांगत होती. बिबट्या मात्र या टोकाकडून त्या टोकाकडे, त्या टोकाकडून या टोकाकडे, सारखा फेऱ्या घालत होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "ताई, ह्याला घरी जायचंय का?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "मला माहीत नाही रे. हा पिल्लू असताना उसाच्या फडात सापडला. आई परत आलीच नाही. जंगलात कसं जगायचं ते याला कोणी शिकवलंच नाही, त्यामुळे आता सोडताही येत नाही. पण असा फेऱ्या घालतोय ना, ते काही बरं लक्षण नाही. त्यासाठी आम्ही काय करतो ते दाखवते, चला." आणि तिने मुलांना पलीकडे नेऊन लाकडाचे ओंडके दाखवले. त्यांच्या खोबणीत मांस लपवून ठेवायचं, म्हणजे बिबट्याला ते हुडकावं लागतं, डोकं चालवावं लागतं, वेळ जातो.

नंतर मी तिला मुद्दाम गाठलं आणि म्हटलं, उत्तर फार चांगलं दिलंत. ती हसली, पण खूश झाली नाही. म्हणाली, "सर, यावरून मला आधी एकदा बोलणी बसली आहेत. लोक सुटीची मजा करायला येतात, त्यांना असलं काही ऐकवू नका म्हणतात. ठिपके सांगितले तर चालतं. फेऱ्या सांगितल्या की चालत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पिंजऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाने ठिपके सांगायचे की फेऱ्या? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आज तो आपण थोडक्यात बघणार आहोत. मी प्राणिशास्त्राचा माणूस नाही हे आधीच कबूल करतो. मला रस आहे तो शिकवण्यात.

शिकारखाना आणि संग्रहालय

आधी शब्द बघू. तत्त्वज्ञानाच्या माणसाची ही खोड असते.

पुण्यात पेशव्यांनी जनावरं पाळली होती, त्या जागेला शिकारखाना म्हणत. तोफखाना, जामदारखाना, पीलखाना, तसाच शिकारखाना. 'खाना' म्हणजे धन्याच्या मालकीचं काही ठेवायची जागा. १७९० च्या नोव्हेंबरमध्ये गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करत असे. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आता पुण्यात गेंडा कुठून आला? दुरून आणला गेला, आणि एवढं दुरून आणता येतं हेच तर दाखवायचं होतं. शिकारखान्यात शिक्षक नव्हता, कारण तिथे विद्यार्थीच नव्हता. तिथे पाहुणा होता, आणि पाहुण्याने गेंड्यावरून धन्याची ताकद ओळखायची होती.

इंग्रजी अमदानीत दुसरा शब्द आला. हिंदी-बंगालीत 'चिडियाखाना' टिकला, मराठीत 'प्राणिसंग्रहालय' झालं. वस्तुसंग्रहालयाच्या साच्यावर पाडलेला हा शब्द आहे. भायखळ्याला तर दोन्ही शेजारी-शेजारीच आहेत. बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली, तिच्या आवारातलं वस्तुसंग्रहालय १८७२ साली. आज बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि वस्तुसंग्रहालय डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं. पण मुंबईकर अजून राणीचा बागच म्हणतो.

'संग्रह' या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. संग्रहातली वस्तू नमुना असते. हे नाणं सातवाहनांचं, तसा हा वाघ बंगालचा. पण नाणं तुमच्याकडे बघत नाही. वाघ बघतो. एवढा एक फरक संग्रहाच्या कल्पनेत बसत नाही, आणि पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

लंडन : जेनी आणि सफरचंद

आधुनिक प्राणिसंग्रहालयांचा इतिहास सांगताना लंडनपासून सुरुवात करायची रीत आहे, ती मीही पाळतो. लंडनची झूऑलॉजिकल सोसायटी १८२६ साली स्थापन झाली. तिची बाग १८२८ साली उघडली, पण सभासदांसाठी. सर्वसामान्य लोकांना तिकीट काढून आत सोडायला १८४७ साल उजाडावं लागलं. प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यास हा मूळ हेतू होता. लोकशिक्षण नंतर आलं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिकिटाच्या पैशाची गरजही होती.

१८३८ च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन तिथे गेला. वय २९. जेनी नावाची ओरँगउटान त्याला बघायची होती. त्याने जे बघितलं ते बहिणीला पत्रातून कळवलं. कीपरने जेनीला सफरचंद दाखवलं आणि दिलं नाही. जेनी पाठीवर पडून हातपाय झाडायला लागली, हट्टी पोरासारखी रडायला लागली. मग कीपर तिला म्हणाला की शहाण्यासारखी गप्प राहिलीस तर देतो. तिने महत्प्रयासाने स्वतःला आवरलं आणि सफरचंद मिळवलं. मग ते घेऊन एका खुर्चीत जाऊन बसली आणि समाधानाने खाऊ लागली.

आता चार वर्षं पुढे या. १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने तिथेच दुसरी एक ओरँगउटान बघितली. ती हुकुमाबरहुकूम चहा करून पीत होती. राणीने रोजनिशीत कौतुकही लिहिलं आणि हेही लिहिलं की हिचं माणसासारखं असणं फार क्लेशदायक आणि नकोसं वाटतं.

एकच बाग, एकाच जातीचा प्राणी. एकाला त्यात नातं दिसलं, दुसरीला किळस आली. तुम्ही म्हणाल, डार्विन तो डार्विन, राणी ती राणी. अगदी बरोबर; बघणारा कोरी पाटी घेऊन येत नाही. पण दोन्ही वेळी प्राण्याशेजारचा माणूस काय करत होता तेही बघा. पहिल्या वेळी कीपर जेनीशी बोलत होता. तिला कळतं असं धरून चालत होता. दुसऱ्या वेळी हुकूम होता आणि त्याची तामिली होती. त्या पहिल्या कीपरचं नाव कोणाच्या लक्षात नाही. पण त्याच्या सफरचंदाने डार्विनला जे दाखवलं ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नव्हतं.

न्यूयॉर्क, १९०६

हा भाग सांगताना मला नेहमी जड जातं, पण तो वगळला तर विषय कळणार नाही.

न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालय १८९९ साली उघडलं. त्याचा संचालक विल्यम हॉर्नडे. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या माकडांच्या घरात ओटा बेंगा नावाचा कांगोमधला एक तरुण आफ्रिकी माणूस ठेवला गेला. पिंजऱ्यात, माकडांसोबत. बाहेर फलक होता. त्यावर त्याचं वय, उंची, वजन, तो कुठून आणला, कोणी आणला, अशी सगळी माहिती होती. हजारो लोक बघायला लोटले. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी याविरुद्ध आवाज उठवला. त्यांचे पुढारी रेव्हरंड जेम्स गॉर्डन ब्रुकलिनमध्ये अनाथाश्रम चालवत. त्यांनी ओटा बेंगाला आपल्या आश्रमात नेलं. पुढे तो व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी राहिला. मायदेशी परतणं काही जमलं नाही. १९१६ साली त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. संस्थेने या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० साली, म्हणजे ११४ वर्षांनी.

हॉर्नडे हा अडाणी किंवा क्रूर माणूस म्हणून ओळखला जात नव्हता. अमेरिकेतले गवे, म्हणजे बायसन, नामशेष व्हायला आले होते तेव्हा ते वाचावेत म्हणून धडपडणाऱ्यांत तो आघाडीवर होता. १९०७ साली ब्रॉन्क्समधून १५ बायसन ओक्लाहोमाच्या संरक्षित माळरानावर पाठवले गेले. त्याने लोकांना बायसनबद्दल आस्था शिकवली, आणि त्याच आवारात माणसाबद्दल तुच्छता शिकवली.

आता त्या फलकाकडे या. समजा, फलकावरचा प्रत्येक आकडा बरोबर होता. उंची बरोबर, वजन बरोबर, गाव बरोबर. म्हणून फलकाने खरं सांगितलं असं म्हणायचं का? आमच्या शास्त्रात विधान खरं की खोटं हे तपासायची साधनं आहेत. पण मांडणीच खोटी असते, तेव्हा एकेक विधान तपासून काही हाती लागत नाही. पिंजरा हेच एक विधान होतं, आणि ते फलकावर लिहिलेलं नव्हतं. त्या मुलीच्या भाषेत सांगायचं तर फलकावर ठिपके होते.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं : प्राणिसंग्रहालय नेहमीच शिकवत असतं. शिक्षक नेमला म्हणून ते शिकवायला लागतं असं नाही. गजांच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्याकडे बघणं हाच एक धडा आहे. त्या धड्याला छेद द्यायला कोणी नसेल, तर तो 'मी वरचा, तू खालचा' एवढाच राहतो.

अलीपूरचे रामब्रह्म सन्याल

याच काळात आपल्याकडे कलकत्त्याला काय चाललं होतं? अलीपूरचं प्राणिसंग्रहालय १८७६ साली सुरू झालं. तिथे रामब्रह्म सन्याल नावाचा एक बंगाली तरुण नोकरीला लागला. मेडिकल कॉलेजचं शिक्षण डोळ्यांच्या त्रासामुळे अर्धवट सुटलेलं. पुढे हाच तरुण तिथला पहिला भारतीय सुपरिंटेंडेंट झाला.

सन्याल यांची पद्धत साधी होती. रोज बघायचं आणि रोज लिहायचं. कोणी काय खाल्लं, कोण आजारी पडलं, कोण कशाने बरं झालं. या नोंदींमधून १८९२ साली त्यांचं बंदिवासातल्या प्राण्यांच्या देखभालीवरचं पुस्तक निघालं. हे पुस्तक युरोपातही वाखाणलं गेलं. १८८९ साली अलीपूरला सुमात्रन गेंड्याचं पिल्लू जन्मलं. यानंतर या जातीचं पिल्लू माणसाच्या देखरेखीखाली वाढवून जन्माला घालायला २००१ साल उजाडलं, तेही अमेरिकेत सिनसिनाटीला. मध्ये ११२ वर्षं गेली! सन्याल यांनी १८९६ साली सर्वसामान्य वाचकांसाठीही निसर्गावर एक पुस्तक लिहिलं. म्हणजे आपल्याला जे कळलं ते दाराबाहेर पोचवायचं, हे त्यांच्या कामातच होतं.

त्यांच्याविषयीचा एक प्रसंग तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला विशेष प्रिय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटच्या वर्षांत स्वामी विवेकानंद आणि भगिनी निवेदिता अलीपूरला आले. बरोबर शरच्चंद्र चक्रवर्ती हे शिष्य होते, त्यांनीच हा संवाद लिहून ठेवला. सन्याल यांनी पाहुण्यांना सगळीकडे हिंडवलं, मग चहा झाला. आणि मग सन्याल यांनी स्वामीजींना विचारलं, डार्विनच्या उत्क्रांतिवादाबद्दल आपलं मत काय?

बघा, प्रश्न कोण विचारतोय. ज्याने उभं आयुष्य जनावरांत घालवलं तो विचारतोय. मला याचं फार अप्रूप वाटतं. चांगला शिक्षक आपल्या पिंजऱ्यासमोर उभा राहूनही विद्यार्थी होऊ शकतो.

स्वामीजींचं उत्तर थोडक्यात असं होतं : डार्विनने सांगितलेली जीवनकलहासारखी कारणं शेवटची नव्हेत. त्यांनी पतंजलींचा आधार घेतला. एका जातीचं दुसरीत रूपांतर होतं ते प्रकृती आतून भरून येते म्हणून. माणसाच्या पातळीवर तर झगडा हे प्रगतीचं साधनच नव्हे. योगसूत्रांत यासाठी शेतकऱ्याचा दाखला आहे. शेतकरी पाणी ढकलत नेत नाही. तो फक्त मधला बांध फोडतो. पाणी आपल्या स्वभावाने वाहतं.

जीवशास्त्र म्हणून हे मला पटतं का? नाही. जाती कशा बदलतात हे आज आपल्याला वेगळ्या रीतीने माहीत आहे. पण शिक्षण कसं होतं याचं वर्णन म्हणून हा शेतकरी मला फार उपयोगी वाटतो. मुलाला प्राण्याविषयी कुतूहल असतंच, ते बाहेरून ओतावं लागत नाही. मध्ये बांध असतात. भीती हा एक बांध. किळस हा दुसरा. 'आपण पैसे दिलेत, याने काहीतरी करून दाखवलं पाहिजे' हा तिसरा, आणि सगळ्यांत पक्का. झोपलेल्या वाघाला खडा मारणारा बाप आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो दुष्ट नसतो. त्याने दिवसाची सुटी काढलेली असते, आणि वाघ झोपलेला असतो! पिंजऱ्याशेजारच्या माणसाचं काम हा बांध फोडण्याचं आहे. वाघाने उन्हात झोपणं हेच वाघाचं वागणं आहे, हे त्या बापाला कळेल असं सांगणं, आणि तेही त्याच्या मुलासमोर त्याचा पाणउतारा न करता. हे कौशल्य सोपं नाही. ज्यांना ते सोपं वाटतं त्यांनी रविवारी दुपारी करून बघावं.

१९७२ आणि पुढे

लंडनमध्ये १९२६ पासून एक कार्यक्रम फार गाजला : चिंपांझींची चहापार्टी. टेबल, कपबशा, अंगात कपडे, आणि समोर हसणारी पोरं. राणीने बघितलेला तोच चहा, आता रोजचा खेळ झालेला. हा कार्यक्रम १९७२ साली बंद झाला. योगायोग बघा, त्याच साली जर्मनीत फ्रँकफर्टला वेगवेगळ्या देशांतल्या प्राणिसंग्रहालयांत शिकवणारे लोक एकत्र जमले आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सुरुवात झाली. आणि त्याच साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. योगायोगातून मी सिद्धान्त काढत नाही. पण हवा बदलत होती एवढं म्हणायला हरकत नाही.

त्याआधी, १९६३ साली, ब्रॉन्क्समध्येच एक वेगळा पिंजरा लावण्यात आला होता. वर लिहिलं होतं की हा जगातला सर्वांत धोकादायक प्राणी. लोक उत्सुकतेने गजांमधून वाकून बघत, आणि आत आरसा असे. ज्या संस्थेने १९०६ साली माणूस पिंजऱ्यात ठेवला, तिने ५७ वर्षांनी बघणाऱ्यालाच पिंजऱ्यात दाखवलं.

आपल्याकडे कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं, आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणात लोकांच्या मनात वन्यप्राण्यांविषयी सहानुभूती जागवणं हे काम स्पष्ट लिहिलेलं आहे. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचा नियमही आहे. राणीच्या बागेला आणि कात्रजला बुधवारी सुटी असते. दारावरून परत फिरणारी माणसं चिडतात. त्यांना कोणी सांगत नाही की ही सुटी प्राण्यांना आपल्यापासून मिळालेली आहे. शिक्षकाला केवढा मोठा धडा आयता मिळालाय, पण तो बंद फाटकावरच राहतो.

माणसांचं काम मात्र कायद्याच्या आधीच सुरू झालं होतं. सॅली वॉकर नावाच्या अमेरिकन बाई योग शिकायला म्हैसूरला आल्या आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात रमल्या. त्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'फ्रेंड्स ऑफ मैसूर झू' ही संस्था काढली, मग १९८५ साली 'झू आउटरीच ऑर्गनायझेशन'. तिचं काम पुढे कोइम्बतूरहून चाललं. प्राणिसंग्रहालयात शिकवणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याचं प्रशिक्षण लागतं, हे या देशात ज्यांनी लावून धरलं त्यांत त्यांचं नाव वर घ्यावं लागेल. २०१९ साली त्या गेल्या.

आणि आपल्या पुण्याचं उदाहरण. १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही एवढं त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आता कोणी म्हणेल, हा तमाशाच नाही का? गर्दी तर त्यासाठीच जमली. मी यावर बराच विचार केला. आणखी कोणी तसं करावं असं मी मुळीच सुचवत नाही. पण चहापार्टीत आणि यात एक मूलभूत फरक आहे. चहापार्टीत चिंपांझीला स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागायला लावलं होतं. इथे सापाने सापासारखंच वागायचं होतं. धोका माणसाने पत्करला होता. ओटा बेंगाला जबरदस्तीने पिंजऱ्यात ठेवलं आणि लोक जास्त उद्दाम होऊन घरी गेले. खैरे आपल्या मर्जीने आत गेले, आणि बघणाऱ्यांचं सापाविषयीचं भय काही अंशी तरी कमी झालं असणार. कार्यक्रम तोलायचा असेल तर मी हीच कसोटी लावेन : किंमत कोण मोजतोय, आणि बघणारा काय घेऊन घरी जातोय?

याचा उपयोग होतो का?

हा प्रश्न टाळता येणार नाही. जॉन बर्जर या इंग्रज लेखकाने प्राण्यांकडे बघण्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आहे. त्याचं म्हणणं असं की प्राणिसंग्रहालयात आपण प्राणी बघायला जातो, पण तिथे खरी नजरानजर होऊच शकत नाही. प्राण्याची नजर आपल्यावरून निसटून पलीकडे जाते. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. बिबट्याच्या फेऱ्या आठवा. तो आमच्यापैकी कोणाकडेही बघत नव्हता.

पण याची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. एरिक जेन्सन या संशोधकाने लंडन प्राणिसंग्रहालयात येणाऱ्या ७ ते १५ वर्षांच्या २,८०० हून जास्त मुलांचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. मुलांना भेटीच्या आधी आणि नंतर प्राण्याचं त्याच्या अधिवासातलं चित्र काढायला सांगितलं, आणि दोन चित्रांतला फरक तपासला. तिथल्या शिक्षकाने मार्गदर्शन केलेल्या मुलांपैकी ४१ टक्के मुलांच्या समजुतीत सुधारणा दिसली. जी मुलं तशीच फिरून गेली त्यांच्यात ३४ टक्के. आता उलट बाजू. समज आधीपेक्षा बिघडली अशी मुलं शिक्षक असताना ११ टक्के, नसताना १६ टक्के.

हे आकडे मला प्रामाणिक वाटतात, कारण ते कोणालाच पूर्ण खूश करत नाहीत. ४१ टक्के म्हणजे अर्ध्याहून कमी. फरक सात टक्क्यांचा. चमत्कार नाही. पण मी ३५ वर्षं वर्गात शिकवलं आहे. माझ्या एका तासाने शंभरातल्या सात मुलांच्या समजुतीत जास्तीची भर पडत असेल, तर मी तो तास रद्द करणार नाही. आणि शेवटचा आकडा विसरू नका. काही मुलं प्राणिसंग्रहालयात जाऊन आधीपेक्षा चुकीचं शिकून घरी येतात. पिंजरा शिकवतो म्हणालो होतो ना, ते हेच.

आता मूळ प्रश्न. ठिपके की फेऱ्या? माझं उत्तर आहे, दोन्ही. पण फेऱ्या लपवून ठिपके नाहीत. मुलाच्या डोळ्यांसमोर जे घडतंय त्याविषयी शिक्षक गप्प राहिला, तर मूल दोनपैकी एक गोष्ट शिकतं. एक तर आपल्याला जे दिसलं ते महत्त्वाचं नव्हतं, किंवा मोठी माणसं अशा वेळी विषय बदलतात. दोन्ही धडे वाईट. त्या मुलीने 'मला माहीत नाही' पासून सुरुवात केली, मग जे माहीत होतं ते सांगितलं, मग आपण काय करतो ते दाखवलं. यापेक्षा चांगला तास मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

वेळ होत आला. चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या तीन घेतो.

एकांनी विचारलंय : मग प्राणिसंग्रहालयं बंदच का करू नयेत? प्रश्न रास्त आहे. काही बंद व्हायला हवीत असं मलाही वाटतं. पण उसाच्या फडात सापडलेल्या पिल्लाचं काय करायचं, या प्रश्नाला 'बंद करा' हे उत्तर होत नाही. ती जागा राहणार असेल, तर तिथे खरं बोलणारा माणूस हवा, आणि त्याची नोकरी खरं बोलण्यावरून जाता कामा नये. माझी मागणी एवढीच आहे. पिंजरा मोठा करायला निधी मागतो तसा या माणसासाठीही मागितला पाहिजे.

दुसरी चिठ्ठी एका आईची आहे : मुलांना घेऊन जाताना आम्ही काय करावं? सगळं बघायचा हट्ट सोडा. एका प्राण्यापाशी पंधरा मिनिटं थांबा. तो काय करतो ते मुलाला सांगू नका, मुलाला विचारा. कीपर मोकळा दिसला तर त्याच्याशी बोला. त्याला जेवढं माहीत असतं तेवढं फलकावर मावत नाही. आणि मुलाने अवघड प्रश्न विचारला तर आइसक्रीमच्या गाडीकडे वळू नका.

तिसऱ्यांनी विचारलंय : त्या मुलीचं पुढे काय झालं? तिचं काम कंत्राटी होतं. मुदत संपल्यावर ते पुढे वाढवलं नाही. आता ती गावोगावच्या शाळांतून बिबट्यांविषयी बोलते. जिथे ऊस आहे आणि बिबटे आहेत अशा गावांतून. तिथल्या मुलांचा फायदाच झाला म्हणायचा. पण त्या पिंजऱ्यासमोर अजूनही रोज सहली येऊन उभ्या राहतात, आणि तो प्रश्न कोणीतरी विचारतच असणार.